फिरायचं, की फिरल्याचा पुरावा गोळा करत बसायचं?

बॅगवाला, नागपूर

राम राम मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडी कैफियत. एमआरला, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीला, डॉक्टरांसमोर तोंड उघडायला जेमतेम दीड मिनिट मिळतं, म्हणून इथे लिहिताना हात आवरत नाही.

मी वीसेक वर्षांपासून मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे. धंतोली, रामदासपेठ, मेडिकल चौक हा रोजचा भाग. मधूनमधून उमरेड, काटोल, भंडारा. कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहून फरकही पडणार नाही, जे आमच्याकडे चालू आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्याच बॅगवाल्यांकडे चालू आहे.

लागलो तेव्हा डीसीआर कागदावर होती. रोज कोणते डॉक्टर पाहिले, काय बोलणं झालं, किती सॅम्पल दिले, याचा रिपोर्ट. रात्री जेवण झालं की खाली कार्बन घालून लिहायची, आठवड्याचा गठ्ठा पोस्टात टाकायचा, विषय संपला. मग ईमेल आला, मग वेबसाइट, मग टॅब्लेट, आता ॲप. दर वेळी कॉन्फरन्समध्ये स्टेजवरून एकच वाक्य: यामुळे तुमचा वेळ वाचेल, तो तुम्ही डॉक्टरांना द्या. टाळ्याही आम्हीच वाजवल्या.

आता आजचा दिवस ऐका. सकाळी सेल्फी काढून दिवस चालू करायचा. मे महिन्यात नागपूरचा माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळून, वर हेल्मेट घालून गाडीवर निघतो. मेडिकल चौकात सावली शोधा, ते सगळं सोडा, घाम पुसा आणि त्या गोल चौकटीत चेहरा धरा. ‘चेहरा जुळला नाही.’ पुन्हा धरा. पंचेचाळीस डिग्रीत फोनही तापतो, कॅमेरा आपोआप बंद पडतो, आणि नोंद होते ‘उशिरा सुरुवात’ अशी. त्यानंतर प्रत्येक डॉक्टरकडे पोचल्यावर चेक-इन, कोणत्या क्रमाने कोणती प्रॉडक्ट दाखवली, डॉक्टर काय म्हणाले (सहा पर्यायांतून एक, ‘मान हलवली’ हा पर्याय नाही, आणि डॉक्टर मुख्यतः तेच करतात), मग चेक-आउट. केमिस्टकडे आरसीपीए, म्हणजे कोणाच्या चिठ्ठ्या येऊन राहिल्या त्याची चौकशी, तीही भरा. रात्री दिवस बंद करा. मग तेच आकडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाइप करा, कारण मॅनेजरच्या मॅनेजरला ॲप उघडायचा कंटाळा आहे. शनिवारी तेच पुन्हा एक्सेलमध्ये.

बरं, एवढं करून कळतं काय? तर मी त्या जागी होतो एवढंच. तेही धड नाही. धंतोलीच्या एका गल्लीत इतके दवाखाने आहेत की एका कडुनिंबाखाली गाडी लावून सीटवर बसल्या बसल्या पाच-सात डॉक्टरांचे चेक-इन होतात. सगळे ॲपने आखलेल्या एकाच घेऱ्यात येतात ना. नवी पोरं तेच करतात, मी त्यांना दोष देत नाही. उलट रामदासपेठेत एका इमारतीत चौथ्या मजल्यावर मी खरंच डॉक्टरांच्या समोर बसलेला असतो आणि ॲप सांगतं, तुम्ही शेजारच्या इमारतीत आहात. मग काय करायचं? डॉक्टरांना ‘एक मिनिट सर’ म्हणून बाहेर गॅलरीत जायचं, फोन आभाळाकडे धरायचा, हिरवा ठिपका आला की परत आत. तेवढ्यात आत दुसऱ्या कंपनीचा माणूस बसलेला असतो.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच आहे. आमच्या धंद्यातलं अर्धं काम बाकावर होतं. डॉक्टरांचा शेवटचा पेशंट रात्री साडेदहाला निघतो, तोवर तुम्ही बाहेर बसलेले. तिथे रिसेप्शनवरच्या ताईंकडून कळतं की डॉक्टर पुढच्या आठवड्यात गावाला चालले. कंपाउंडर सांगतो की तुमचं सिरप पोरं थुंकून टाकतात. दुसऱ्या कंपनीचा मित्र सांगतो, गंजीपेठेच्या दवा बाजारात अमुक माल शॉर्ट आहे. ही माहिती कुठल्याच रकान्यात बसत नाही. ॲपमध्ये त्या दीड तासाचं नाव आहे ‘निष्क्रिय वेळ’, रंग लाल.

आणि आता एआय. प्रत्येक भेटीनंतर तीस सेकंदांची व्हॉइस नोट बोलायची. मशीन ऐकतं आणि तुमच्या ‘उत्साहाला’ मार्क देतं. उद्या कोणाला भेटायचं तेही तेच सुचवतं. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्याने मला इतवारी-गांधीबागचा रूट दिला. मारबतीच्या दिवशी, म्हणजे इडा पीडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी! इतवारीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते, दवाखाने बंद, रस्त्यावर सगळं शहर ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडून राहिलं. मी सूचना नाकारली तर कारण निवडायला सांगितलं. पर्यायांमध्ये मारबत नव्हती. ‘इतर’ टाकलं. महिनाअखेर मॅनेजर म्हणाले, ‘इतर’ जास्त झालं तुमचं. या वर्षी कोणीतरी या ॲपचाच बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) काढावा असं माझं मत आहे, वर्गणी मी देतो.

हे सगळं सहन केलं असतं. पण ॲप माझ्या स्वतःच्या फोनवर आहे आणि लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशीच मागतं, नाहीतर दिवस चालूच होत नाही. मागच्या महिन्यात मावशीच्या तेराव्याला काटोलला गेलो होतो, रविवार होता. सोमवारी मॅनेजरने सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘काल काटोलला होते का? काही पर्सनल?’ माणूस वाईट नाही हो तो. स्क्रीनवर दिसलं म्हणून विचारलं. पण त्या दिवसापासून घरात फोन हातात घेतला की अंगावर कोणी बसल्यासारखं वाटतं.

तर दोन प्रश्न. एक, तुमच्या कामात तंत्रज्ञान आल्यावर काम खरोखर कमी झालं असं इथे कोणी आहे का? खोटं बोलू नका. दोन, हे चोवीस तास लोकेशन नाकारता येतं का, नोकरी न गमावता?

---

काउंटरवाला, सक्करदरा

भाऊ, मी हात वर करतो. केमिस्ट आहे. काम कमी झालं.

बाबांच्या काळी दर महिन्याला एक रविवार दुकान अर्धं शटर खाली ओढून एक्सपायरी काढायचो. मी, बाबा आणि एक पोरगा. प्रत्येक पट्टी उलटी करून तारीख वाचायची. तरी दोन-चार डबे राहायचेच, मुदत उलटून गेली की स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक माल देणारा, हात वर करतो, नुकसान आपलं. आता सॉफ्टवेअर तीन महिने आधी यादी काढून देतं, कोणत्या कप्प्यात आहे ते सुद्धा. शेड्यूल एच-१, म्हणजे ज्या औषधांची विक्री वेगळी नोंदवावी लागते, त्यांची नोंद बिलासोबतच निघते. जीएसटीची झिकझिक आहे, पण हाताने भरली असती तर मी वेडाच झालो असतो.

पण यात एक गोष्ट बघा. हे सॉफ्टवेअर मी पसंत केलं, पैसे मी दिले, आवडलं नाही म्हणून एकदा बदललंसुद्धा. ते माझी एक्सपायरी मोजतं, मला मोजत नाही. तुमच्या ॲपचं गिऱ्हाईक तुम्ही नाहीच.

आणि सगळंच कामाला येतं असंही नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं, की गिऱ्हाइकाने स्कॅन करून औषध असली की नकली ते पाहावं. हेतू चांगला आहे. पण माझ्या काउंटरवर कोणी स्कॅन करताना मी पाहिलेलं नाही. लोक अजूनही पट्टी हातात घेऊन विचारतात, ‘हे मागच्या वेळचंच आहे ना बाप्पा?’

---

एबीएम

वाचून गंमत वाटली, कारण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. एबीएम म्हणजे एरिया मॅनेजर, तुमच्यासारखी फिरणारी पाच पोरं आहेत माझ्याकडे.

जुन्या काळाचं कौतुक पुरे. कार्बनच्या डीसीआरमध्ये किती खोटं असायचं ते तुम्हालाही माहीत आहे. उमरेड लिहायचं आणि दुपारी घरी झोपायचं, वर आउटस्टेशनचा डीए (बाहेरगावचा भत्ता) घ्यायचा. बदली होऊन गेलेल्या डॉक्टरचे कॉल (भेटी) महिनोन्‌महिने लागायचे. एका ठिकाणी तर वारलेल्या डॉक्टरला सॅम्पल दिल्याची नोंद होती. जो प्रामाणिक फिरतो त्याला आणि जो झोपतो त्याला सारखाच पगार, हे चालवायचं काय?

ॲप आल्यावर कमीत कमी पोरं घराबाहेर तर पडून राहिली. तुमच्या मॅनेजरने रविवारचं विचारायला नको होतं, ते चूकच. बाकी तक्रार ही सवयीची आहे. दोन वर्षांनी याच ॲपची सवय होईल.

---

बॅगवाला, नागपूर

एबीएम साहेब, वारलेल्या डॉक्टरची गोष्ट मीही ऐकली आहे, प्रत्येक कंपनीत ती वेगळ्या गावची असते.

झोपणारे होते, मान्य. पण ते सापडत नव्हते असं नाही. स्टॉकिस्टचं महिन्याचं स्टेटमेंट कशासाठी असतं? ओपनिंग, क्लोजिंग, सेकंडरी, म्हणजे आधी किती माल होता, किती उरला, दुकानांत किती गेला, सगळं त्यात असतं. उमरेडला जो गेलाच नाही त्याचा उमरेडचा माल हलत नाही. जुने मॅनेजर दवा बाजारात चहा पिता पिता दहा मिनिटांत ओळखायचे कोण फिरतो ते. जॉइंट वर्कला सोबत आले की डॉक्टर पोराला नावाने हाक मारतात की नाही, एवढ्यावर निकाल लागायचा. म्हणजे मोजमाप होतं आणि चांगलं होतं. फक्त त्यासाठी मॅनेजरला स्वतः फिरावं लागायचं.

आता मॅनेजरही माझ्यासारखाच अडकला आहे. त्याच्या डोक्यावरही एक स्क्रीन आहे. माझे ठिपके हिरवे नसले तर त्याचा चौकोन पिवळा होतो, त्याचा पिवळा झाला की वरच्याचा लाल. तुमच्या पाच पोरांपैकी सगळ्यात जास्त हिरवा कोण आणि सगळ्यात जास्त धंदा देणारा कोण, दोन्ही नावं एकच आहेत का? इथे सांगू नका, मनात बघा.

---

एबीएम

नाहीत. पण त्याची कारणं वेगळी आहेत. सविस्तर मग लिहितो.

---

कोडकरी

बॅगवाला काका, मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये चार वर्षं जवळजवळ असंच ॲप बनवत होतो. औषधांसाठी नव्हतं, टाइल्स आणि पेंट विकणाऱ्या पोरांसाठी होतं. त्यामुळे आतली गोष्ट सांगतो.

डेमो कोणाला देतात? कंपनीच्या सेल्स हेडला. तो मोठ्या टीव्हीवर महाराष्ट्राचा नकाशा बघतो, त्यावर चालते ठिपके. तिथेच सौदा पक्का होतो. मी अशा कितीतरी डेमोंना बसलो आहे. ‘फिरणाऱ्या माणसाला हे वापरायला किती वेळ लागतो?’ हा प्रश्न एकाही साहेबाने विचारला नाही. ‘अजून काय काय ट्रॅक होतं?’ हा मात्र हमखास. मग आम्ही रकाने वाढवायचो. रकाना वाढवायला आम्हाला अर्धा दिवस लागतो, तो भरायला हजार पोरांना रोज दोन मिनिटं. तो हिशेब कोणाच्याच खात्यात लागत नाही, म्हणून रकाना कधी काढला जात नाही.

रामदासपेठेचं म्हणाल तर त्यात गूढ काही नाही. उंच इमारतींमध्ये जीपीएसचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात, शिवाय चौथा मजला की तळमजला हे त्याला नीट कळत नाही. घेरा लहान ठेवला तर खरा माणूस बाहेर पडतो, मोठा ठेवला तर तुमचा कडुनिंब. आम्ही मोठा ठेवायचो, कारण तक्रारी कमी येतात.

खोट्या लोकेशनचे ॲप आले, आम्ही ते पकडायचा कोड लिहिला. मग पोरांनी शक्कल काढली: एक जण तिघांचे फोन खिशात घालून फिरायचा. सेल्फी आला तो त्यासाठी. आता मित्राचा फोटो समोर धरतात म्हणून डोळे मिचकवा म्हणतात. माझा चार वर्षांचा बहुतेक कोड हा अविश्वासाचा कोड आहे. टाइल्सचा एक डबा जास्त विकला गेला का, ते मला कोणी कधी सांगितलं नाही.

आणि आम्ही बनवणारे सुटलो असं समजू नका. घरून काम सुरू झालं तेव्हा आमच्याच लॅपटॉपवर माउस हलतो की नाही ते मोजायला लागले. माझा एक सहकारी टेबल फॅनच्या जाळीला माउस बांधून जेवायला जायचा. इंजिनिअरिंगची डिग्री आहे त्याच्याकडे. हे आपल्याच इकडे होतं असंही नाही: अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कारण ते कीबोर्ड चालू असल्याचं नुसतं भासवत होते. बातमी वाचून मला प्रश्न पडला की मग त्यांचं काम अडल्याचं कोणाच्या लक्षात का नाही आलं?

१९३० मध्ये केन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की शंभर वर्षांत यंत्रांमुळे आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. मुदत २०३० ला संपते. मी सध्या आठवड्याचे पंधरा तास नुसते स्टेटस भरण्यात आणि स्टेटसच्या मीटिंगमध्ये घालवतो, म्हणजे आकड्यापुरता तो बरोबर निघाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं: अँड्रॉइडमध्ये ‘फक्त ॲप वापरताना’ अशी परवानगी देता येते. काही ॲप त्यावर अडून बसतात. तुमचं अडत असेल तर जुना हँडसेट, त्यात कंपनीचं सिम, रात्री दिवस बंद केला की हँडसेट बंद. हा उपाय फुकटचा नाही, पण आहे.

---

सेविकेची लेक, रामटेक

दादा, तुम्हाला निदान डॉक्टरांची केबिन मिळते. माझी आई अंगणवाडी सेविका आहे.

२०२१ च्या मार्चमध्ये पोषण ट्रॅकर आलं. ॲप इंग्रजीत, सरकारी मोबाईल दोन जीबी रॅमचा, उघडलं की अडकायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी मोबाईल परत केले, तुम्ही पेपरात वाचलं असेल. माझी आई त्यात होती. सातवी शिकलेली बाई, गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन तिला तोंडपाठ, आणि तिला इंग्रजी रकान्यांसाठी माझी वाट बघावी लागायची. मी कॉलेजातून आले की रात्री आम्ही दोघी भरायचो.

आता चेहरा जुळवल्याशिवाय घरी न्यायचा आहार द्यायचा नाही, हे २०२५ च्या जुलैपासून. गरोदर बाई भर पावसात येते. तिचा आधारशी जोडलेला नंबर नवऱ्याचा. नवरा मनसरला कामावर. ओटीपी त्याच्या फोनवर. तो फोन उचलत नाही, उचलला तर त्याला ओटीपी वाचता येत नाही, वाचेपर्यंत मुदत संपते. आई त्या बाईला लहानपणापासून ओळखते, तिच्या हाताखालून गेलेली मुलगी आहे ती! पण आईची ओळख चालत नाही, मशीनची चालते.

कोडकरी दादांनी जी शर्यत सांगितली तीच रोजगार हमीतही आहे. मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो ॲपवर टाकायचा, २०२३ च्या १ जानेवारीपासून सगळीकडे सक्ती. २०२५ च्या जुलैत दिल्लीच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की भलतेच फोटो चढतात, फोटोचा फोटो काढून चढवतात. आणि उपाय काय काढला? ग्रामपंचायतीत माणसाने बसून सगळे फोटो तपासायचे. म्हणजे आधी माणूस मजूर मोजायचा, आता माणूस मजुरांचे फोटो मोजतो.

काम कमी झालं का विचारता? आईच्या वह्या बंद झाल्या नाहीत. ॲप पण भरायचं आणि नेट गेलं तर वही पण.

---

मिलवाल्याचा पोरगा

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली मिल, २००२ मध्ये बंद झाली. आज तिथे मॉल आणि फ्लॅट आहेत.

मिलमध्ये मोजमाप नव्हतं असं कोणी म्हणू नये. जॉबर (मुकादम) डोक्यावर उभा असायचा, किती सूत निघालं ते रोज फळ्यावर. उशीर झाला की गेट बंद, त्या दिवसाचा रोज गेला. बाबा जॉबरला मनसोक्त शिव्या द्यायचे, तोंडावरसुद्धा. पण भोंगा वाजला की सुटी म्हणजे सुटी. जॉबर घरी येत नसे, बाबा कोणाच्या तेराव्याला गेले ते त्याला कळायचं कारण नव्हतं. आणि दुसरं असं की त्या मालकाला मजुराकडून काम हवं होतं तसं काही द्यावंही लागत होतं. १८९५ मध्ये या मिलमध्ये अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात झाली, कायदा यायच्या कितीतरी आधी. तुमच्या ॲपवाल्या कंपनीने उन्हात फिरणाऱ्यासाठी कोणता रकाना ठेवला आहे? ‘आज चक्कर आली’ असा आहे का?

आपल्या शहरात तर महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधून झाली आहेत. ठरलेल्या हद्दीत आहेत की नाही ते स्क्रीनवर दिसतं. झाडू मारणाऱ्या बायांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे बाथरूमला जातानाही हातावर असतं, आम्हाला लाज वाटते. तेव्हा आपण पांढरपेशे लोक म्हणालो, बरं झालं, आता रस्ते साफ होतील. एकाने तरी विचारलं का, की रस्ता साफ झाला ते रस्त्याकडे बघून का नाही ठरवत? आज बॅगवाल्याच्या फोनमध्ये आलं तर आपण धागा काढून राहिलो. राग मानू नका भाऊ, पण हे तुमच्यापासून सुरू झालेलं नाही.

---

काळा कोट, सिव्हिल लाइन्स

थोडक्यात लिहितो, हा कायदेशीर सल्ला समजू नये.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. पण ते उगाळून खासगी कंपनीसमोर फार काही हाती लागत नाही. व्यक्तिगत डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा ठेवली आहे. मात्र रविवारचं काटोल हे ‘नोकरीचं कारण’ आहे असं सिद्ध करायला मालकाला घाम फुटेल. म्हणून भांडण लोकेशनशी नको, वेळेशी करा.

एकट्याने मेल पाठवू नका. सगळ्यांनी मिळून लेखी विचारा: किती वाजेपासून किती वाजेपर्यंत माहिती घेता, कोण बघतं, किती दिवस ठेवता, आणि खासगी फोनवर का? उत्तर आलं नाही तरी पत्र फाइलला राहतं. विक्री प्रतिनिधींसाठी १९७६ चा कायदा झाला तो संघटनेच्या दबावाने, एकेकट्याच्या अर्जाने नाही. तुमची युनियन जिवंत असेल तर तिकडे जा. नसेल तर आधी ती जिवंत करा.

---

बॅगवाला, नागपूर

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

मिलवाल्या भाऊ, राग कशाला मानू. घड्याळांची बातमी मी वाचली होती, एवढंच म्हणतो.

काउंटरवाले, तुमचा मुद्दा घरी बायकोला वाचून दाखवला. ती शाळेत आहे, तिच्याकडे पण हजेरीचे, शिष्यवृत्तीचे, पोषण आहाराचे वेगवेगळे पोर्टल आहेत. ती म्हणाली, आमच्याकडे एकच तंत्रज्ञान कामाचं निघालं, झेरॉक्स मशीन.

कोडकरी, ‘फक्त ॲप वापरताना’ करून पाहिलं. दिवस चालू झाला, पण दर अर्ध्या तासाला लाल पट्टी येते की परवानगी द्या. येऊ द्या. एबीएम साहेबांची वाट बघतो, ते ‘मग लिहितो’ म्हणाले होते.

वकीलसाहेबांचं पत्र रविवारी बसून लिहितो. आमच्या ग्रुपमधले बरेच जण सही करायला तयार आहेत, जॉइंट वर्क लागलेले सोडून.

रामटेकच्या ताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. टॅब्लेट अजून कंपनीचाच आहे आमच्याकडे, कपाटात पडून. २०२१ ला आईंनी मोबाईल परत केला तेव्हा पावती घेतली होती का?

---

सेविकेची लेक, रामटेक

हो दादा. पोच घेतल्याशिवाय कोणीच मोबाईल टेबलावर ठेवला नाही. त्यावर चार्जर दिला की नाही तेही लिहून घ्या, नंतर त्याचे पैसे मागतात. आईकडून कागद घेऊन फोटो पाठवते.